पात्यांचा वारा

एका डोंगराळ मुलुखात एकदा एक वृद्ध वैमानिक होता. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की हेलिकॉप्टरखाली पाण्याची मोठी बादली टांगून तो विझवायला जाई. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, धीट आणि उतावळा. तरुणपणी माणूस असतो तसाच.

एके दुपारी वणवा पेटला तो नेमका शिष्याच्या आत्याच्या वाडीवर. आईविना पोरक्या झालेल्या त्याला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. वाळलेल्या गवतातून आग गोठ्यांपर्यंत उतरली होती आणि माणसं हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपत होती. शिष्याने धरणातून बादली भरली आणि हेलिकॉप्टर थेट ज्वाळांच्या डोक्यावर खाली नेलं. इतक्या जवळून थेंबही वाया जाणार नव्हता.

तोच शेजारच्या आसनावरच्या वृद्धाने नियंत्रण आपल्या हाती घेतलं आणि भरली बादली तशीच घेऊन तो उंच, दूर निघाला.

"सर, माझी आत्या आहे खाली," शिष्य कळवळून म्हणाला.

वृद्धाने हेलिकॉप्टर आणखी वर नेलं. म्हातारा भ्याला, असंच शिष्याला वाटलं, आणि त्या क्षणी त्याला गुरूचा मनस्वी राग आला.

लांबून वळसा घालून वृद्धाने उंचावरून पाणी सोडलं. ते विखरून पडलं. निम्मं तर नुसत्या गवतावर. पुन्हा धरण, पुन्हा तीच उंची. काही फेऱ्यांनी ज्वाळा बसल्या आणि उरलेला जाळ माणसांनी झोडपून विझवला. गोठे वाचले, घरं वाचली. शिष्याला हुंदकाच आला.

मोकळ्या शेतात उतरल्यावर वृद्ध म्हणाला, "तू खाली गेलास तेव्हा ज्वाळा घरांकडे झुकल्या. आपल्याच पात्यांचा वारा त्यांना ढकलत होता. तुझं सगळं लक्ष पाण्यावर होतं. मदतीला धावणारा माणूस पाणी आणतो, तसा स्वतःचा वाराही आणतो, बाबा. जीव गुंतलेला असला की तो वारा फार जोरात सुटतो. अशा वेळी थोडं लांब राहावं लागतं. मलाही ते जड जातं."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. एवढ्यात बांधावरून आत्या धावत आली, तोंड काजळीने माखलेलं, आणि तिने त्याला पोटाशी धरलं.

"आरं, तू खाली आलास तवा जाळ पार माझ्या दारात आला," ती म्हणाली. "लांब गेलास, तवा कुठं जिवात जीव आला बघ."

शिष्य तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसू लागला. लांब गेल्याबद्दल कुणी आपल्याला असं कवटाळील, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.