हिरव्या बटणाची हाक

फार जुनी नव्हे, घरोघरी कॉम्प्युटर आल्यानंतरचीच ही गोष्ट. एका रोपवाटिकेच्या स्प्रेडशीटमध्ये एक हिरवं बटण राहत असे. रोपवाटिका सांभाळणाऱ्या शकूताईंनी सकाळी ते दाबलं, की आज कोणत्या रोपांना पाणी घालायचं, ती नावं झरझर समोर येत. "गुणाचं गं माझं बटण ते!" त्या म्हणायच्या.

खरं काम करायचा त्याच्या पाठीमागे लपलेला मॅक्रो, म्हणजे बटणाच्या हाकेसरशी ती यादी काढून देणारा छोटासा प्रोग्राम. पण कौतुकानं बटण फुगलं. म्हणालं, "तुला इथं ओळखतं कोण?"

"कुणी नाही," मॅक्रो म्हणाला. "तू हाक मारतंस ना, तेवढं पुरे."

एकदा फाईल साठवताना कॉम्प्युटरनं विचारलं, "अशी साठवली तर मॅक्रो राहणार नाही. चालेल?" बटणानं ते वाचलं आणि मनात म्हटलं, जाईना का, बरंच होईल. फोनवर बोलता बोलता शकूताईंनी न वाचताच 'हो' केलं, आणि जुनी फाईल पुसूनही टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. बटणानं हाक मारली. कुणीच आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, तसं ते जिवाच्या आकांतानं ओरडलं. मागे सगळं रिकामं होतं.

शकूताई आठवेल तसं पाणी घालत राहिल्या. कोपऱ्यातली बकुळीची रोपं मात्र त्यांना आठवली नाहीत. ती वाळून गेली.

पुढे फाईल आवरायला आलेल्या माणसानं विचारलं, "हे बटण काढू का, ताई?"

"राहू दे. दिसतं छान."

अजूनही चुकून कुणी दाबलं, की ते हाक मारतं. आणि मग कितीतरी वेळ कान देऊन बसतं.