बारकूनं फणसाचा दावा जिंकला

एका गावात एक भोळा बारकू होता. गावाचं नाव राहू दे, तिथले लोक अजून चिडतात. बारकू इतका सरळ, की सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. गावाला त्याचाच धाक.

त्याच्या परसात कापा फणस होता. आजोबांनी लावलेला. गरे असे, की खाणारा बोलता बोलता बोलणं विसरायचा. शेजारच्या केशव मेस्त्रीला ते गरे फार आवडायचे. इतके, की त्यानं दिवाणी कोर्टात दावाच ठोकला. फणस माझ्या हद्दीत, म्हणून माझा!

कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला. घरात कोणी नाही, म्हणून त्यानं ते दाराला डकवलं. तेवढ्यात बारकू आला.

"हा कागद इथून काढायचा नाही," बेलीफ म्हणाला. "आणि आजच्या आज वकील गाठ."

बारकूनं कागद नाही काढला. दार काढलं. बिजागऱ्यांसकट डोक्यावर घेतलं आणि तालुक्याला नेने वकिलांपुढे नेऊन ठेवलं. इकडे उघड्या घरात गावची कुत्री शिरली आणि त्याच्या बायकोनं, येसूनं, घातलेल्या घावनांची चळत संपवून गेली.

वकिलांनी दार आडवं करून समन्स वाचलं. "बारकू, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. त्याला कैफियत म्हणतात. नाही दिलीस तर एकतर्फी निकाल, फणस गेला! समोरचा जे जे म्हणतो ते एकेक करून नाकारायचं. नाकारलं नाही ते कबूल धरतात. ध्यानात ठेव."

"ठेवलं," बारकू म्हणाला आणि दार घेऊन घरी आला.

आठव्या दिवशी येसूच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला.

"मुलगी सुगरण आहे म्हणे," मुलाची आई म्हणाली.

"नाकबूल," बारकू म्हणाला.

"अं? बरं, शिवणकाम तरी येतं ना?"

"नाकबूल."

मुलाच्या वडिलांनी सावरून घेतलं. "जाऊ द्या हो. घराणं चांगलं आहे, म्हणजे झालं."

"साफ नाकबूल. पुरावा द्या."

पाहुणे चपला शोधत निघाले. येसू लाटणं घेऊन बाहेर आली. "अहो, तुमच्या जिभेला काही हाड?"

"नाकबूल!" म्हणत बारकू पळाला, तो थेट वकिलांकडे.

वकिलांनी कपाळाला हात लावला. "अरे, ते कोर्टात! बाहेर काही सुचलं नाही, तर हात जोडून मुदत मागावी. म्हणावं, तयारी नाही, पुढची तारीख द्यावी."

"असं होय!"

विसाव्या दिवशी भरदुपारी सासऱ्यांच्या गवताच्या उडवीला आग लागली. सासरे ओरडले, "जावई, घागर आणा, घागर!"

बारकूनं हात जोडले. "तयारी नाही. पुढची तारीख द्यावी."

"कसली तारीख?"

"सोमवार चालेल."

उडवी काही सोमवारपर्यंत थांबली नाही.

"आगीला कुठली रे मुदत?" वकील करवादले. "निम्मी तरी वाचवायचीस! सगळंच हातचं जातंय असं दिसलं, की अर्ध्यावर तडजोड करावी. अर्धं त्याचं, अर्धं आपलं."

"हे आधी सांगायचं नाही का, साहेब!"

तिसावा दिवस उजाडला. वकिलांना जिल्ह्याला दुसरी तारीख होती. बारकूला ओळखून त्यांनी कैफियतीत पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाणारी एकच ओळ लिहिली होती: 'वादातला फणस केशव मेस्त्री यांचा आहे हे म्हणणे पहिल्यापासून शेवटपर्यंत साफ खोटे आहे.' निघताना ते म्हणाले, "पाचच्या आत कोर्टात दे. बाकी काही म्हणजे काही करू नकोस."

येसूनं दाराशी येऊन बजावलं, "आजोबांचा फणस आहे, अहो. सांभाळून."

बारकू खिडकीशी पोचला तेव्हा पाचाला दोन मिनिटं कमी होती. कारकून डबा पिशवीत घालत होता. "दोन प्रती लागतात. एक कोर्टाला, एक वादीला. तुझ्याकडे एकच. आता खिडकी बंद. गेला तुझा फणस!"

शेजारी केशव दात काढत उभा होता.

सगळंच हातचं जात होतं. बारकूला बरोबर आठवलं. त्यानं कागद उभा धरला आणि मधोमध टर्रकन फाडला. उजवा तुकडा केशवच्या हातात कोंबला, डावा खिडकीतून आत सरकवला. "अर्धं त्यांचं, अर्धं तुमचं."

पाच वाजताना कारकून माणसाकडे बघत नाही, कागदाकडे काय बघणार? "सही?" तो म्हणाला. बारकूनं डाव्या तुकड्यावर ठळक सही ठोकली. वर शिक्का पडला.

पुढल्या तारखेला जजसाहेबांनी तुकडा उचलून मोठ्यानं वाचला, "वादातला फणस केशव मेस्त्री यांचा आहे." त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचला. "हे तुझंच म्हणणं?"

"माझंच, साहेब. खाली सही आहे ना!"

नेने वकील उठायला गेले होते, ते तसेच खाली बसले.

संध्याकाळी बारकू नाचतच घरी आला. "येसू, गूळ आण! साहेबांनी माझी कैफियत शब्दन् शब्द मान्य केली!"

"मग तो केशव आपल्या परसात शिडी कसली लावतोय?"

"लावू दे गं बिचाऱ्याला," बारकू हळहळला. "हरलाय तो. त्याच्या अर्ध्या कागदाकडे साहेबांनी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही."