पोवळेताईच्या अंगावरचा तारामासा

फार फार वर्षांपूर्वी, माणसानं पहिली होडी बांधली त्याच्याही आधी, समुद्राच्या अगदी तळाशी एका खडकावर एक पोवळं राहत होतं. उन्हाचा कवडसाही तिथे पोचत नसे. दिसायला ते झाडासारखं, पण झाड नव्हे. त्याच्या फांद्यांवर हजारो इवलीशी तोंडं होती आणि प्रवाहाबरोबर वाहत येईल ते टिपून ती सगळी मिळून एकच पोट भरत. शेजारपाजारचे त्याला पोवळेताई म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू.

ताईच्या अंगावर एक तारामासा राहत असे. त्याचे पाच लांबलचक, बारीक हात फांद्यांना गुंडाळलेले असत. तो आला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा होता आणि ताई बोटभर. दोघं बरोबरच वाढली. दिवसभर तो या फांदीवरून त्या फांदीवर हात फिरवी आणि तिथे पडलेलं काहीबाही खाई.

एकदा एक मुशी, म्हणजे लहान जातीची शार्क, तिथे आली. तिला अंडी घालायची होती आणि तळाच्या चिखलात ती गुदमरतील अशी तिला भीती होती. तिनं अंड्यांच्या सहा पिशव्या ताईच्या फांद्यांना त्या पिशव्यांच्याच चिवट दोऱ्यांनी बांधल्या आणि म्हणाली, "पोवळेताई, माझी पिल्लं तुमच्या पदरात टाकते आहे. बाहेर यायला त्यांना वर्ष लागेल. तेवढं सांभाळा."

ताईला धन्य धन्य वाटलं. पण नवी जबाबदारी आली की आपल्याला घरातल्या जुन्या माणसाची अडचण होऊ लागते, तसंच तिचंही झालं. तारामाशाचे हात पिशव्यांवरून फिरले की तिचा जीव वरखाली होई. एखादा दोरा तुटला तर? शिवाय तो सारख्या गुदगुल्या करी, आणि खाई तेही तिच्या तोंडासमोरचं. आजवर हे तिच्या मनातही आलं नव्हतं, आता मात्र दुसरं काही सुचेना.

शेवटी तिनं विचारलं, "मी तुला उंच जागा दिली, वाहतं पाणी दिलं. तू माझ्यासाठी काय करतोस रे?"

तारामासा भोळा होता. त्यानं खूप वेळ, अगदी प्रामाणिकपणे विचार केला. त्याला आठवलं ते सगळं खाण्याचंच.

"काही नाही, ताई," तो खाली मान घालून म्हणाला. "मी नुसता जेवतो."

मग ही जागा पिल्लांना लागेल, असं ताईनं सांगितलं. तो भांडला नाही. एकेक हात सोडवत तो खाली उतरून गेला. ताईला मोकळं मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

समुद्रात वरून बारीक गाळ सतत खाली येत असतो. तो आधीही येत होता, पण ताईच्या अंगावर कधी साचला नव्हता. का साचत नाही, हे तिनं कधी स्वतःला विचारलंही नव्हतं. आता तो साचू लागला. आधी एकेक तोंड मिटलं, मग फांदीच्या फांदी मिटली. पिशव्यांवरही थर चढला आणि आतल्या पिल्लांची हालचाल मंदावली. ताईला हात कुठले? ती नुसती बघत राहिली.

काही महिन्यांनी मुशी पिल्लांची चौकशी करायला आली. तीन पिशव्या निपचित पडल्या होत्या. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला दिवसभर झाडत असायचा, तो कुठे गेला?"

"तो झाडत नव्हता," ताई पुटपुटली. "तो जेवायचा."

"जेवत असेल. पण तो जेवला की तुम्ही स्वच्छ व्हायचात."

ताईला सगळं उमगलं. ज्याला ती गुदगुल्या समजत होती, त्यानंच ती इतकी वर्षं जगली होती. तिला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

मुशीला तारामासा खडकाच्या पायथ्याशीच चिखलात सापडला. त्यानं दुसऱ्या पोवळ्यांवर राहून बघितलं होतं, पण एवढ्या वाढलेल्या हातांना तिथल्या फांद्यांची वळणं जमली नाहीत. खाली वाहतं पाणी नव्हतं, म्हणून पोटातही काही नव्हतं. त्या खटपटीत त्याचे दोन हात तुटले होते. मुशीनं त्याला आपल्या पाठीवर घेऊन वर आणलं.

"मी येऊन काय करू, ताई?" तो म्हणाला. "मला काही येत नाही."

"ये आणि जेव," ताई म्हणाली.

तो जेवू लागला. कितीतरी दिवस तो फांदीमागून फांदी जेवत राहिला. पुढे तीन पिशव्यांतून पिल्लं बाहेर आली. उरलेल्या तीन उघडल्याच नाहीत. ताईच्या एका बाजूच्या फांद्या कायमच्या पांढऱ्या पडल्या. तिथे खायला काही नसे, तरी तारामासा जाता येता त्यांच्यावरून हात फिरवी, आणि ताई त्याला पुन्हा कधी काही विचारत नसे.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं लक्षात ठेवा: कोण कोणाला जगवतं आहे हे पुष्कळदा त्या दोघांनाही ठाऊक नसतं, म्हणून ‘तुझा काय उपयोग?’ असं विचारून सोबत्याला कधी घालवून देऊ नये.