एकाच कढईतला रंग

काशानच्या सुभेदाराचं गालिच्याच्या रंगावरून आपल्या आईशी भांडण झालं, आणि जीव टांगणीला लागला तो उस्ताद याकूब विणकराचा!

झालं असं. दरबारासाठी नवा गालिचा हवा होता. सुभेदार बहमनखान म्हणाला, "गडद डाळिंबी." त्याची आई, बेगमसाहेब, म्हणाल्या, "फिका गुलाबी." तीन दिवस मायलेकांची ताटं वेगवेगळ्या दालनांत मांडली गेली. चौथ्या दिवशी खानाने उस्तादाला बोलावलं.

"गालिचा एकच विणायचा. मला तो गडद दिसला पाहिजे आणि अम्मीजानना फिका. लबाडी चालणार नाही! सगळा धागा एकाच कढईत रंगवायचा, कढईवर माझा पहारा राहील. पुढच्या नवरोजला गालिचा दरबारात हवा. नाही जमलं, तर तुझे माग मुदपाकखान्यात जळणाला!"

उस्ताद घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्याची मुलगी तूबा अंगणात रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळ्या कुटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, खान दरबारात बसतो कुठे?"

"उत्तरेच्या टोकाला, तख्तावर."

"आणि बेगमसाहेब?"

"बरोबर समोर, दक्षिणेच्या टोकाला. भांडायला सोयीचं पडतं."

"मग होईल."

"काय होईल?"

"गालिचा," तूबा म्हणाली आणि पुन्हा मुळ्या कुटू लागली.

दुसऱ्या दिवशी ती खानाच्या दिवाणापुढे उभी राहिली. "लोकर नको, रेशीम द्या. आणि गालिचा अंथरायला मी स्वतः येणार."

दिवाण हसला. "अंथरायला अशी काय अक्कल लागते?"

"लागते तेवढी आहे माझ्याकडे."

रेशीम आलं. पहारेकऱ्यांदेखत एकाच कढईत उकळलं, वाळलं, मागावर चढलं. वर्षभर तूबा आणि तीन विणकरणी फळीवर बसून गाठी मारत राहिल्या. ना वेल, ना फूल, नुसता एक रंग! जन्मभर वेलबुट्ट्या विणलेल्या उस्तादाला ते बघवेना. तो मागाकडे पाठ करून जेवायचा.

नवरोज उजाडला. दरबार भरण्याआधी तूबाने गालिचा उलगडला, त्यावरून एकदा हात फिरवला, चौघा नोकरांकडून त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेला फिरवून तो अंथरून घेतला आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

खान तख्तावर बसला. "वा! गडद डाळिंबी!"

समोरून बेगमसाहेब म्हणाल्या, "फिका गुलाबी. मी सांगितला होता तस्सा."

"अम्मीजान, हा गडद आहे!"

"हकिमाला डोळे दाखव!"

दिवाण पुढे धावला. "हुजूर, हा जादूटोणा आहे! हिला आधी कैद करा!"

तूबा पुढे आली. "हुजूर, एकदा बेगमसाहेबांपाशी येता का? वीसच पावलं आहेत."

खान उठला, कडेकडेने आईपाशी गेला आणि त्याने वळून पाहिलं. फिका गुलाबी! तख्ताकडे परतला. गडद! पुन्हा आईकडे आला.

"ह्याला इथवर यायला एक वर्ष आणि एक गालिचा लागला," बेगमसाहेब म्हणाल्या.

तूबा म्हणाली, "हुजूर, गालिच्याची लव, म्हणजे वर आलेली धाग्यांची टोकं, नेहमी एका बाजूला झुकलेली असते. रेशमाची तर फारच. लव ज्याच्याकडे तोंड करते त्याला रंग गडद दिसतो, ज्याच्याकडे पाठ करते त्याला फिका. कढई एकच होती, पहारेकऱ्यांना विचारा."

खानाने कपाळाला आठ्या घातल्या. "मग ह्याचा खरा रंग कोणता?"

"ते पाहायला मधोमध उभं राहावं लागेल, हुजूर. पण तिथे जाब द्यायला आणलेली माणसंच उभी राहतात. ती रंगाकडे बघत नाहीत!"

बेगमसाहेब पदरामागे खुदकन हसल्या, आणि खान असा खदखदून हसला की त्याचा फेटा सुटला. त्याने दिवाणालाच मधोमध उभं केलं.

"बोला, रंग कोणता?"

"हुजूर म्हणतील तो," दिवाण म्हणाला.

उस्तादाचे माग शाबूत राहिले. तूबाला रेशमाचे दहा गठ्ठे आणि दरबारी रंगशाळेची किल्ली मिळाली. मायलेक त्या दिवशी एकाच दालनात जेवले आणि पडद्यांच्या रंगावरून भांडले.