अर्ध्यावरची कादंबरी

"आणि माणसानं हे किती वर्षं करत राहायचं, अक्का?"

अक्कांनी मान वर केली नाही. सुपातल्या मटकीवरून त्यांची बोटं फिरत राहिली. एक खडा सापडला. तो त्यांनी बाजूला टाकला.

"तुम्हाला विचारतोय मी."

"ऐकतेय."

उन्मेष पिसाळ पुण्याहून पहाटेच्या एसटीनं वडूजला आला होता. विमा कंपनीत नोकरी, वय एक्केचाळीस. अकरा वर्षांत सात कादंबऱ्या छापून झाल्या होत्या, सगळ्या भयकथेच्या वाटेनं जाणाऱ्या. आठवी अर्धी लिहून झाली होती. ती फाइल त्याच्या मांडीवर होती, आणि ती अक्कांच्या घरी ठेवून, मोकळं होऊन परत जायचं, असं तो ठरवून आला होता.

अक्का म्हणजे सरोजिनी खटावकर. हे नाव वाचकांनी कधी ऐकलेलं नाही. एके काळी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून ज्या रहस्यकथा हातोहात जायच्या, त्यांतल्या एकशे बारा अक्कांच्या होत्या. प्रकाशकानं त्यांना एका पुरुषाचं टोपणनाव दिलं होतं. शेवटच्या पुस्तकापर्यंत तेच राहिलं.

उन्मेषला ते नाव खरं कुणाचं, हे सोळाव्या वर्षी समजलं. त्यानं आपली पहिली गोष्ट अक्कांना पाठवली. आठ दिवसांत कार्ड आलं. कार्डावर एकच ओळ होती: 'भूत दुसऱ्याच पानावर आलं, एवढी घाई कसली?'

तेव्हापासून तो त्यांना गुरू मानत होता. आता त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या. नजर जवळजवळ गेली होती.

"मी काही कमी केलं का, ते सांगा." उन्मेषचा आवाज चढला. "प्रदर्शनात स्टॉलच्या बाहेर उभं राहून लोकांना अडवलं. एका बाईनं माझ्याकडून बुकमार्क घेतला, हसली, आणि पुस्तक तिथंच ठेवून गेली. प्रकाशनाला दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली एकोणीस. त्यातली सहा घरची."

अक्का मटकी निवडत होत्या.

"प्रकाशक म्हणाला, रील करा. केलं. काळा झगा घालून स्मशानात उभा राहिलो, या वयात. अकरा हजार लोकांनी पाहिलं. पुस्तक किती जणांनी घेतलं, ते विचारू नका."

"नाही विचारत."

"एका परिसंवादात एक समीक्षक माझ्या शेजारी बसले होते. मोठं नाव. माझी ओळख करून देताना सगळ्यांसमोर म्हणाले, हे आपल्याला घटकाभर घाबरवतात. सभागृह हसलं... मीसुद्धा हसलो."

मागच्या मोरीपाशी भांड्यांचा आवाज येत होता. कमल राखेनं भांडी घासत होती. पन्नाशीची बाई, गेली नऊ वर्षं अक्कांकडे धुण्याभांड्याला यायची. तिच्या काथ्याची खरखर लयीत चालली होती.

उन्मेष खाली बघत म्हणाला,

"वडील गेले तेव्हा मी नाशिकला प्रदर्शनात होतो. फोन खिशात वाजत होता. एक वाचक पुस्तक चाळत होता. वाटलं, याच्याशी बोलून होऊ दे, मग घेऊ."

अक्कांची बोटं थांबली.

"त्यानं घेतलं का पुस्तक?"

"नाही."

अक्कांची बोटं पुन्हा मटकीत फिरू लागली.

"तुम्ही काहीच म्हणत नाही, अक्का."

"त्याला माझ्याकडं उत्तर नाही, उन्मेषा."

हे त्यानं अपेक्षिलं नव्हतं. त्याला सांत्वन हवं होतं, किंवा निदान रागावणं तरी. तो फाइलच्या नाडीशी चाळा करत राहिला.

"तुम्हाला कधी वाटलं नाही? एकशे बारा पुस्तकं, आणि एकावरही तुमचं नाव नाही."

"एकदा कोल्हापूरहून एक गृहस्थ आले होते," अक्का म्हणाल्या. "लेखकांना भेटायचंय म्हणाले. मी पोहे केले, चहा दिला. तासभर त्यांनी मला त्या पुस्तकांबद्दल सांगितलं. कुठल्या पानावर झोप उडाली, कुठं वाचताना बायकोला हाक मारली... मग विचारलं, साहेब कधी येतील? मी म्हटलं, बाहेर गेलेत. सांगता येत नाही."

"मग?"

"मग ते गेले. आणि मी अर्धं राहिलेलं पान पुरं केलं."

उन्मेषला हे पटलं नाही. तो काळ वेगळा होता, असं त्याला म्हणायचं होतं. पण अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आठवीत काय आहे?"

"दोन काळ आहेत. एकमेकांत गुंफलेले. निवेदनात मी यावेळी एक वेगळा..."

"कशी आहे ते नाही विचारलं. काय होतं त्यात?"

उन्मेष अडखळला. इतक्या मुलाखती दिल्या होत्या, पण हा प्रश्न त्याला कुणी असा विचारला नव्हता.

"वाचूनच दाखवतो," तो म्हणाला.

त्यानं नाडी सोडली. पहिलं पान काढलं. ही सुरुवातीची पानं त्याची फार लाडकी होती. अंधारावरची तीन पानं. तीन महिने लागले होते लिहायला. त्यातला एक परिच्छेद त्यानं फोनवरून सगळ्यांना पाठवला होता, आणि कधी नव्हे ते चांगल्या चांगल्या लोकांनी दाद दिली होती.

तो वाचू लागला. संथ, ठाय लयीत.

मोरीतली खरखर चालूच होती. त्यानं आवाज चढवला. कढई आपटली. कमल भिंतीपलीकडच्या बाईशी बोलू लागली, आज नळाला पाणी कधी सोडणार म्हणून. त्यानं आणखी आवाज चढवला. शेवटी तो थांबला.

"अक्का, यांना जरा थांबायला सांगता?"

"ती तिचं काम करतेय," अक्का म्हणाल्या. "तू तुझं कर."

त्याचे कान तापले. उरलेलं दीड पान त्यानं रागारागात संपवलं आणि पुढच्या पानावर आला. इथून गोष्ट सुरू होत होती.

तारा नावाची एक शिक्षिका. माणदेशातल्या एका लहान गावात बदली होऊन आलेली. पहिल्या दिवशी ती वर्गाला पाढे म्हणायला सांगते. मुलं एका सुरात म्हणू लागतात. चौदाचा होतो, पंधराचा होतो, सोळाचा होतो. मग सगळा वर्ग एकदम अठराचा म्हणू लागतो.

तारा म्हणते, सतरा राहिला.

वर्गात कुणी बोलत नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी कानांवर हात ठेवते.

उन्मेषनं पान उलटलं, आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. क्षणभरानं लक्षात आलं... मागची खरखर थांबली होती.

त्यानं वर पाहिलं नाही. वाचत राहिला.

गावाबाहेर पडीक विहीर आहे. संध्याकाळी शाळेतून परतताना ताराला तिथून एका मुलीचा आवाज येतो. सतराचा पाढा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा सत्ते एकशे एकोणीसपर्यंत येऊन तो थांबतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तारा गावात विचारते. सरपंच म्हणतात, तिथं कुणी नाही. दुकानदार म्हणतो, बाई, तुम्ही दुसऱ्या वाटेनं जात जा.

आता त्याच्या वाचण्यातला ताल गेला होता. तो भरभर वाचत होता, मध्येच अडखळत होता. काही वाक्यं त्याची त्यालाच लांब वाटली. ती त्यानं गाळली. अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. कमल कधीतरी मोरीतून उठून अंगणाच्या पायरीवर येऊन बसली होती. हाताला राख तशीच होती. ती वाळून पांढरी पडली होती.

नळाला पाणी आलं. तिनंच लावून ठेवलेली घागर भरली, भरून वाहू लागली. अंगणातून ओघळ निघाला. वडूजला पाणी एक दिवसाआड यायचं.

कुणी उठलं नाही.

तारा एका दुपारी कुणाला न सांगता विहिरीत उतरते. झाडाला दोर बांधून. खाली गाळ आहे, एक फुटकी पाटी आहे. पाटीवर कुणीतरी सतराचा पाढा अर्धा लिहिलेला आहे. ती पाटी उचलते. त्याच वेळी दोर वरून सैल पडतो, आणि वेटोळी होत तिच्या पायाशी येतो. तिनं टोक हातात घेतलं. ते तुटलेलं नव्हतं. कापलेलं होतं.

उन्मेष थांबला.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"पुढं?" कमलनं विचारलं.

"पुढं नाही."

"म्हंजे?"

"लिहिलेलं नाही. इथंच सोडलंय. आता नाही लिहिणार."

कमलला ते कळायला थोडा वेळ लागला.

"आन् ती बाई?"

"कोण बाई?"

"हिरीतली."

उन्मेष हसला. समजूत घालावी तसं म्हणाला, "अहो, ती काही खरी नाही."

"ते मला बी कळतंय," कमल म्हणाली. "पर तिला खाली तुमीच उतरवली न्हवं?"

ती उठली. नळ बंद केला. वाहून गेलेल्या पाण्याकडे पाहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, आणि उरलेली भांडी विसळायला मोरीत गेली. काथ्याची खरखर काही पुन्हा सुरू झाली नाही. भांडी एकेक करून सावकाश पालथी घातल्याचा आवाज येत राहिला.

उन्मेष हातातल्या पानाकडे बघत बसला.

"ती पहिली तीन पानं," अक्का म्हणाल्या, "कुणासाठी लिहिलीस?"

त्यानं हातातलं पान फाइलीवर पालथं ठेवलं.

"उन्मेषा..."

"त्या समीक्षकांसाठी."

"ते आले होते का आत्ता?"

"नाही."

"बरं."

तो उसळून म्हणाला, "मग काय, कमलबाईंसाठी लिहायचं?"

अक्कांनी डोळे उघडले. जवळजवळ गेलेली ती नजर त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळली.

"तिच्यासाठी तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. आज सकाळपर्यंत ती या जगात आहे हेही तुला ठाऊक नव्हतं."

"तेच म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतेय. तरी तिची घागर वाहून गेली."

उन्मेषला खूप काही म्हणायचं होतं. एक बाई थांबली म्हणून काय होतं? एक घागर वाहून गेली म्हणून पुस्तक खपत नाही. उद्या पुन्हा तेच, ते प्रदर्शन, ते फोन, त्या रिकाम्या खुर्च्या. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्याची नजर राहून राहून अंगणाच्या पायरीकडं जात होती. गेल्या अकरा वर्षांत तो आपल्या पुस्तकांबद्दल हजारो शब्द बोलला होता, आणि कुणीतरी त्याचं लिहिलेलं ऐकताना हाताची राख वाळू दिलेली त्यानं आज पहिल्यांदा पाहिली होती.

बाराची एसटी होती. तो उठला. पानं एकावर एक लावली, फाइलीत घातली, नाडी बांधली आणि फाइल अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमच्याकडं राहू दे, अक्का. मला घरी नको."

अक्कांनी हात पुढे करून फाइल चाचपली. कडा, नाडी, नाडीची गाठ. मग ती उचलली नाही. तळहातानं जमिनीवरून सरकवत सरकवत ती त्याच्या पायांपर्यंत नेली, आणि हात मागं घेतला.

उन्मेष कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग वाकला. अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना फाइल त्याच्या हातात होती.

फाटकापाशी जाऊन तो परत वळला.

"माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, अक्का. लिहीत राहू, की सोडू?"

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं होतं. बोटं मटकीत फिरत होती.

"आधी तिला बाहेर काढ," त्या म्हणाल्या. "मग तुझं बघू."