आबांच्या नावावरचं शेत

माझे सासरे, म्हणजे आबा, निवृत्त तहसीलदार. आमच्या नऊ वर्षांच्या रेवाचं मोबाइलवरच्या खेळात एक शेत आहे. लहान मुलांना खातं उघडता येत नाही, म्हणून ते आबांच्या नावावर. परवा आबांनी जाहीर केलं, "हे शेत मी नाशिकच्या नातीला, शर्वरीला देणार. तिने मागितलंय."

रेवाचे डोळे भरले. "आबा, हिने दोन वर्षं..." एवढं बोलून मी अडकले. एम.ए. आहे मी, पण सासऱ्यांसमोर माझं वाक्य कधी पुरं होत नाही.

"सूनबाई, खातं माझ्या नावावर. मालक मी."

रेवाने नाक पुसलं. "आबा, कुळांच्या खटल्यात तुम्ही शेतावर जाऊन काय बघायचात?"

आबा खुलले. "शेत कसतं कोण, ते! मालकाला विचारायचो, विहीर कुठे, पेरलंय काय? मालक गप्प. मग निकाल कसणाऱ्याच्या बाजूने!"

रेवाने मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. "मग सांगा मालक, आपली विहीर कुठे आहे?"

आबांनी चष्मा पुसला, बोट इकडेतिकडे फिरवलं आणि गोठ्याचंच दार उघडलं. सगळ्या गाई भोपळ्यांत घुसल्या.

"अगं आवर त्यांना!"

"आवरते. पण गाई कुणाच्या?"

"तुझ्या गं बाई, तुझ्या! शेतही तुझंच!" आबा हसत ओरडले. "शर्वरीला नवं खातं उघडून देतो, पण आधी भोपळे वाचव!"