हौसाची साक्ष

डोंगरामागे एक गाव होतं. राजधानीपासून इतकं लांब, की राजाचा हुकूम तिथं पोचेपर्यंत कधी कधी राजाच बदललेला असे. त्या गावाचा मुखिया नेहमी पुरुष असायचा, आणि तो नेहमी वतनदाराच्या मर्जीतला असायचा.

मग एक नवा राजा गादीवर आला. त्यानं हुकूम काढला, की मुखियापद एकदा पुरुषाकडे राहील आणि पुढच्या वेळी बाईकडे जाईल. पंचांतही बायका असतील.

चावडीवर सगळे हसले. वतनदार मात्र शांतपणे म्हणाला, "बसवा की एखाद्या बाईला. चालवायचं आपल्यालाच आहे."

त्यांनी धुरपदाला बसवलं. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं, आणि बोलायची फार कमी. लोकांना वाटलं, ही घाबरट आहे. पण धुरपदा भीतीनं गप्प नसायची. तिला आधी ऐकून घ्यायची सवय होती.

पहिल्याच दिवशी वतनदाराचा कारभारी मुखियाचा शिक्का घेऊन आला. "बाई, हा माझ्याजवळच राहू द्या. तुम्हाला उगाच त्रास."

धुरपदानं हात पुढे केला. "द्या इकडे. त्रास झाला तर मी सांगेन."

गावामागे डोंगराच्या पायथ्याशी एक झरा होता. विहिरी आटल्या तरी तो आटत नसे. झऱ्याकडे जाणारी वाट गावाच्या गवताळ माळावरून जायची, आणि माळाला लागूनच वतनदाराची संत्र्याची बाग होती. वतनदाराला बाग वाढवायची होती. त्यासाठी त्याला माळाला कुंपण घालायचं होतं, आणि कुंपणासाठी मुखियाचा शिक्का लागत होता.

"वाट बंद झाली तर बायका पाण्याला कुठून जातील?" धुरपदानं विचारलं.

"डोंगराला वळसा घालून. पाय आहेत ना त्यांना?" वतनदार म्हणाला.

"पाय आहेत, धनी. पण डोक्यावर हंडा असतो, आणि त्या बाजूला नुसता खडक आहे. मी शिक्का देणार नाही."

पुढे काही दगाफटका होऊ नये म्हणून ती सुभेदाराच्या कचेरीत गेली. एकटीनं जाणं बरं नव्हे, म्हणून पंचांतल्या हौसाला तिनं बरोबर घेतलं. हौसा वयानं लहान, तिला अक्का म्हणायची. सुभेदारानं सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "वाट गावाची आहे. गावाच्या मुखियानं स्वतःहून दिली तरच ती जाईल, नाहीतर नाही."

परतताना नदीला पूर आला होता. दोघींना अलीकडच्या धर्मशाळेत मुक्काम करावा लागला. हौसा घराबाहेर कधी राहिली नव्हती. परकी जागा, अनोळखी माणसं, तिला काही केल्या झोप येईना. धुरपदानं तिचा हात हातात घेतला आणि पहाटेपर्यंत तिच्याशी बोलत राहिली. आपल्या लहानपणाचं सांगितलं, नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं. गावात एक बाळंतघर उभं करायचं मनात आहे, तेही सांगितलं. हौसा मनात म्हणाली, माझी सख्खी बहीणसुद्धा माझ्याशी इतकं बोलली नाही.

पूर ओसरला आणि त्या गावी परतल्या. बायकांनी त्यांना ओवाळलं.

आता वाटेला हात लावता येत नव्हता. म्हणून वतनदारानं धुरपदाच्या नावाला बट्टा लावायचं ठरवलं. थोड्याच दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. मुखियाबाई मुक्कामाला राहिली म्हणे. कुठं राहिली कोण जाणे. सुभेदारानं निवाडा असाच दिला असेल का? जो तो दुसऱ्याचं नाव सांगायचा. आधी कोण बोललं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग वतनदारानं पंचांची सभा बोलावली. असली बाई मुखिया म्हणून नको, असं त्याचं म्हणणं. मुखिया सोडून पंच पाच होते. दोघे वतनदाराच्या बाजूनं, दोघे धुरपदाच्या. पाचवी हौसा. आणि त्या रात्री धुरपदा कुठं होती, हे सांगू शकणारीही गावात तीच एकटी.

सभेच्या आदल्या दिवशी हौसाचा नवरा शेतातून लवकर घरी आला. ती दोघं वतनदाराची जमीन वाट्यानं करायची.

"धनी भेटले होते," तो म्हणाला. "पुढच्या साली जमीन दुसऱ्याला द्यायचं म्हणतात."

हौसाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "माझ्यामुळं?"

"तुला खोटं बोलायला कुणी सांगत नाही. फक्त आठवत नाही म्हण. झोप लागली होती म्हण. एवढंच."

"अहो, पण अक्का माझ्याजवळच होती. माझा हात धरून बसली होती."

"धुरपदाला ना पोर ना बाळ. ती कशीही जगेल. आपण दोन लेकरं घेऊन कुठं जायचं?"

हौसा भाकरी थापू लागली. भाकरी करपल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण तव्याकडे बघतच नव्हतो.

सभेला सारा गाव लोटला. धुरपदा ताठ बसली होती. तिला कसली काळजी नव्हती, कारण हौसा समोरच होती.

वतनदारानं गोड आवाजात विचारलं, "हौसाबाई, तुम्ही बरोबर होतात. धर्मशाळेत रात्रभर मुखियाबाई तुमच्याजवळ होत्या का?"

हौसानं वर पाहिलं. गर्दीत नवरा उभा होता, कडेवर धाकटी पोर. त्यानं मान खाली घातली. हौसानं धुरपदाकडे पाहिलं. धुरपदा तिच्याकडे बघून किंचित हसली, भिऊ नकोस म्हणाल्यासारखी.

"मला... मला झोप लागली होती," हौसा म्हणाली. "मला ठाऊक नाही."

चावडीत कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसलं. धुरपदाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण आता ते हसू नव्हतं. मग पंचांचं मत घेतलं. हौसानं आपलं मतही वतनदाराच्या बाजूनं दिलं. एकदा तसं बोलल्यावर दुसरं काय करणार?

धुरपदानं शिक्का पंचांपुढे ठेवला. जाता जाता ती हौसापाशी थांबली. "एवढंच सांगायचं होतंस गं, की मी तुझ्याजवळ होते," ती हळूच म्हणाली. ती रागावली असती तर हौसाला बरं वाटलं असतं.

धुरपदाच्या दिरानं तिला घरात राहू दिलं नाही. बोलणी खाऊन, एक गाठोडं घेऊन ती आपल्या माहेरच्या गावी निघून गेली. झऱ्यावरच्या बायकांनी तिला जाताना पाहिलं. कुणीही हाक मारली नाही. हाक मारली तर आपलंही नाव त्यात यायचं, असं प्रत्येकीला वाटलं.

राजाच्या हुकुमाप्रमाणे मुखिया बाईच हवी होती. वतनदारानं हौसाला बसवलं. हौसा नको नको म्हणाली, पण नवऱ्याला जमीन टिकवायची होती. शिक्का कारभाऱ्याकडे गेला. माळाला कुंपण पडलं. वाट बंद झाली.

बायका डोंगराला वळसा घालून पाणी आणू लागल्या. हौसाही जायची, कारण मुखियाच्या घरीही पाणी कुणीतरी आणावंच लागतं.

तिच्या शेजारच्या घरात केवळा नावाची सून आली होती. कोवळी पोर, सदा गुणगुणणारी. तिला दिवस गेले होते. हौसा म्हणायची, "केवळा, तू येऊ नकोस, मी तुझा हंडा आणते." पण रोज रोज दुसऱ्याकडून पाणी कसं आणवायचं, असं केवळाला वाटायचं. एका सकाळी ती खडकावरून घसरली. बायकांनी तिला झोळी करून घरी आणलं. बाळ गेलं आणि संध्याकाळच्या आत केवळाही गेली.

तिला उचलताना सासू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वाट असती तर... वाट असती तर..."

हौसानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती चावडीवर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "मी मुखिया आहे. माझा शिक्का मला द्या. वाट मी उघडणार."

नवरा दारातूनच तिला खुणावत होता. तिनं तिकडे पाहिलं नाही.

वतनदार रागावला नाही. त्यानं सावकाश विचारलं, "बाई, त्या रात्री तुम्हीपण धर्मशाळेतच होतात ना? धुरपदाबाई कुठं होती, ते तुम्हाला ठाऊक नाही. ठीक. पण तुम्ही कुठं होतात? तुम्ही झोपला होतात, हे सांगायला कोण आहे?"

हौसा शिक्का न घेताच चावडीवरून उतरली. तिच्याबद्दल सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं.

ती चालत धुरपदाच्या माहेरी गेली. धुरपदा भावाच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. हौसानं पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं, केवळाचंही.

केवळाचं ऐकून धुरपदानं हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या. मग ती उठली आणि तिनं हात धुतले.

"चल."

"अक्का, तुम्ही याल? मी तुमच्याशी असं वागल्यावरसुद्धा?"

"तू माझ्याजवळ होतीस, हे खरं आहे ना? मग ते सांगायला माझं काय जातं?"

दुसऱ्या दिवशी सारा गाव पुन्हा चावडीवर जमला. धुरपदा उभी राहिली आणि म्हणाली, "ही पोर रात्रभर माझ्याजवळ होती. झोपली नव्हती. घाबरली होती. मी हिचा हात धरून बसले होते."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. वतनदारानं हसून विचारलं, "जिला गावानं ह्याच कारणानं काढलं, तिची साक्ष गावानं मानायची?"

तेव्हा हौसा पुढे झाली. "त्या दिवशी मी खोटं बोलले. अक्का माझ्याजवळच होती. तिचा काही दोष नव्हता. दोष माझा आहे."

"तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?" वतनदार म्हणाला. "आम्ही कुठलं खरं धरायचं?"

कुणीतरी मागून हसलं. मग आणखी कुणी हसलं. गर्दीतल्या कित्येक बायकांना मनातून पटलं होतं की दोघी खरं बोलत आहेत. त्यांनी पदर पुढे ओढले. दोघीजणी भरल्या चावडीत एकमेकींजवळ उभ्या राहिल्या. दोघी खरं बोलल्या होत्या, आणि त्यांचं खरं कुणीही उचलून धरलं नाही.

हौसाचं मुखियापद गेलं. नवऱ्याची जमीनही गेली. वतनदारानं आपल्या भावजयीला मुखिया केलं. तिचं तोंड चावडीनं कधी पाहिलं नाही.

हौसा धुरपदाला पोचवायला वेशीपर्यंत गेली. "अक्का, राहा ना माझ्याकडे. आमच्यातली अर्धी भाकरी तुमची."

"मी तुझ्यावर रागावलेली नाही, हौसा," धुरपदा म्हणाली. "पण मला इथं पुन्हा बोलावू नकोस. काल वेशीपाशीच परत फिरावंसं वाटलं मला. पुन्हा नाही जमायचं."

तिनं हौसाच्या गालावरून हात फिरवला आणि ती चालू लागली. हौसा ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग घरी आली, रिकामा हंडा घेतला आणि इतर बायकांच्या मागोमाग खडकाच्या बाजूला निघाली.

पुढे राजाचा हुकूम अनेकदा आला, पण त्या गावात कुठलीच बाई आपणहून मुखिया व्हायला पुढे आली नाही.

तात्पर्य: एखादीवर खोटा आळ येतो आणि खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं, तेव्हा त्याच क्षणी बोलावं. कारण तिच्या शब्दाची किंमत जाते, तेव्हा आपल्या शब्दाचीही जाते, आणि मग खरं सांगायला कितीही जणी उभ्या राहिल्या तरी ऐकणारं कुणी उरत नाही.